साउंडगार्डनचा ‘सुपरअननोन’ परत ऐकला, यावेळी मात्रा मोजत

निकाल आधीच सांगून टाकतो. साउंडगार्डन या अमेरिकेतल्या सिएटलच्या रॉक बँडचा ‘सुपरअननोन’ आजही विकत घ्यावा, नीट बसून ऐकावा असा अल्बम आहे आणि नव्वदीच्या सिएटलमधून जे काही आलं त्यात सगळ्यात पक्क्या बांधणीचं काम हेच, असं माझं ठाम मत झालंय. निर्वाणा, पर्ल जॅम, ॲलिस इन चेन्स हे तिथलेच बँड सगळेच जीव की प्राण होते, अजूनही आहेत, पण त्यातले बरेचसे अल्बम आज लावले की ते आपल्याला त्या वयात घेऊन जातात आणि तिथेच सोडतात. हा तसा नाही. हा आज ऐकताना आजचा वाटतो आणि त्याचं कारण मला त्याच्या लयीत सापडलं, ते या लिखाणात सांगायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अल्बम आला ८ मार्च १९९४ ला. प्रोड्युसर मायकल बाइनहॉर्न, रेकॉर्डिंग सिएटलच्याच बॅड ॲनिमल्स स्टुडिओत १९९३ मध्ये, मिक्सिंग ब्रेंडन ओब्रायनचं. पंधरा गाणी, सत्तर मिनिटं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट एक नंबरवर उतरला आणि त्याच दिवशी आलेला नाइन इंच नेल्सचा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ दोन नंबरवर, म्हणजे एकाच दिवशी असे दोन अल्बम दुकानात आले होते, विचार करा. आणि मग महिनाही पुरा झाला नाही तोवर ५ एप्रिलला निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन गेला आणि त्यानंतर ग्रंज हा सिएटलच्या या जड रॉकसाठीचा शब्द जो तो त्या एका मृत्यूशीच जोडायला लागला. त्या गदारोळात या अल्बमचं कौतुक झालं, खप झाला, एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांच्या वर, ग्रॅमीही मिळाल्या, पण तो काय बनावटीचा आहे याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. निदान आमच्याकडे तरी नाही.

आमच्याकडे म्हणजे माटुंगा, रुइया नाका. तेव्हा इंग्लिश कॅसेट हिंदीपेक्षा बरीच महाग असायची त्यामुळे एकाने काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणायची आणि बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची हा शिरस्ता. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा बातमी वाचून जे वाटलं ते इथे लिहीत बसत नाही, तो वेगळा विषय आहे. तर कॅसेट आली, उतरवली गेली, आणि केबलवर ‘ब्लॅक होल सन’चा तो व्हिडिओ लागायला लागला, ज्यात उपनगरातली गुळगुळीत हसरी माणसं, त्यांचे चेहरे ताणले जातात, डोळे मोठे होतात, आणि वर आभाळ गिळायला निघालेलं. घरात जेवणं चालू असताना तो लागला की आई म्हणायची, “बंद कर रे ते, अन्न गोड लागत नाही.” आम्हाला तोच पाहिजे असायचा.

त्या वयात आम्ही सगळे गायक क्रिस कॉर्नेलच्या आवाजासाठी ऐकायचो, दुसरं काही नाही. आवाज होताच तसा. खाली कुजबुजल्यासारखा सुरू होणार आणि मग वर जाऊन असा फाटणार की वाटायचं आता संपला, तर तिथून आणखी वर. धोबीतलावच्या रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक या महोत्सवाला जायचो, तिथे आणि कॉलेजांच्या फेस्टिव्हलमध्ये पोरांचे बँड सिएटलची गाणी वाजवायचे. त्यात एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. ‘ब्लॅक होल सन’ सगळ्यांना यायचं. ‘स्पूनमॅन’ला हात घातला की ड्रमर दोन ओळींत कुठेतरी लटकायचा, गिटारवाला मागे वळून बघायचा, आणि मग सगळे मिळून कसंतरी शेवटाला पोचायचे. पब्लिक तरी ओरडायचंच. पण लटकायचा का, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

आता सांगतो का ते. ‘स्पूनमॅन’ सात मात्रांत आहे. रॉकमधलं जवळपास सगळं चारावर चालतं, आपलं डोकं चार मोजूनच मान हलवायला शिकलेलं, आणि इथला रिफ, म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा, चार झाले की पुढे तीनच घेतो आणि परत पहिल्यावर येऊन आपटतो. मधेच गाणं चारावर जातं, मग परत सातावर येतं. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, मान हलत राहते, फक्त कुठेतरी पाय जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं होतं.

आमच्या मजल्यावर एक काका आहेत, जन्मभर तबला शिकवला, मोठमोठ्या लोकांच्या साथीला बसले. परवा त्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि म्हटलं, “काका, पाच मिनिटं द्या, एक गाणं ऐकवायचंय. जरा आरडाओरडा आहे.” म्हणाले, “लाव रे, मी शिवाजी पार्कच्या मिरवणुका ऐकल्यात.” ‘स्पूनमॅन’ लावलं. पहिल्या दोन आवर्तनांत ते नुसते बसलेले, डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर सरकत होती. तिसऱ्याला मांडीवर हात पडला. मग चौथ्याला पडला तो बरोब्बर रिफ सुरू होतो तिथेच. “अरे, सातात आहे हे!” सात मात्रांचा ताल म्हटला की मला एकच आठवतो, मी म्हटलं, “रूपक ना काका?” तर लगेच मान हलवली. “रूपक नाही म्हणायचं याला. रूपकात समेवरच, पहिल्याच मात्रेवर, खाली असते, जोर नसतो, हात उलटा करतो बघ आपण. इथे समेवर काय दणका आहे! म्हणायचंच तर तीव्रा म्हण, पखवाजाच्या अंगाचा. पण त्यातही तीन-दोन-दोन असे विभाग हवेत, तसं हा तोडत नाहीये.” आणि मग गाणं चारावर गेलं तेव्हा बोट वर केलं, “सोडला. सोडला बघ त्याने.” परत आलं सातावर तेव्हा हसले. मधे चमच्यांचा सोलो येतो, खरेखुरे चमचे, आर्टिस नावाचा सिएटलच्या रस्त्यावर चमचे वाजवणारा कलाकार आहे त्याने स्टुडिओत येऊन वाजवलेले, आणि ड्रमर मॅट कॅमरनने त्याच गाण्यात भांडीकुंडीही वाजवलीत. काका पुढे सरकून बसले. “हात चांगला आहे रे याचा,” म्हणाले. माझ्यासाठी त्या गाण्याला मिळालेल्या ग्रॅमीपेक्षा ही दाद मोठी.

त्यानंतर मी अख्खा अल्बम मात्रा मोजत ऐकला. ‘माय वेव्ह’ पाचावर आणि चारावर. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहावर. ‘द डे आय ट्राईड टू लिव्ह’ परत सात आणि चार. आणि ‘लिमो रेक’ पंधरावर! पंधरा मात्रा म्हटल्या की आपल्याकडे पंचम सवारी हा ताल आठवतो आणि तो काही येताजाता कोणी वाजवत नाही. इथे चार पोरं गिटारा घेऊन, अख्ख्या जगाला विकायच्या अल्बममध्ये, पाच-सव्वापाच मिनिटांच्या वर ते खेळवतात आणि ऐकणारा म्हणतो काय भारी जड गाणं आहे. सांगायचा मुद्दा हा की यात कुठेही हुशारी दाखवणं नाहीये. काही बँड असतात ना, विषम ताल घेतला की त्याची जाहिरात करत बसतात, प्रत्येक वळणावर बघा बघा मी कसा वळलो. इथे गिटारिस्ट किम थायिलने स्वतःच सांगितलंय की गाणं करताना ते मात्रा मोजायचे नाहीत, गाणं झाल्यावर कळायचं कशात आहे ते, निव्वळ योगायोग. मला ते पटतं कारण गाण्यांत ते ऐकू येतं. शब्दाला आणि श्वासाला जितकी जागा पाहिजे तितकी घेतली आणि जिथे वाक्य संपलं तिथे समेवर आले. आणि एक गोष्ट लोक विसरतात, कॉर्नेल मुळात ड्रमर होता. बँड सुरू झाला १९८४ मध्ये तेव्हा तो ड्रम वाजवत वाजवतच गायचा. तो आवाज ज्या माणसाचा होता त्याचं अंग तालाचं होतं हे कळलं की त्याच्या ओळी जिथे सुरू होतात आणि जिथे तुटतात ते सगळं वेगळंच दिसायला लागतं.

दुसरी गोष्ट सुरांची, आणि ही तर मला जास्तच आवडली. ‘माय वेव्ह’ आणि ‘द डे आय ट्राईड टू लिव्ह’ या दोन गाण्यांत गिटारचं ट्युनिंग नेहमीचं नाही. सहा तारा खालून वर अशा लावल्यात, पाश्चात्त्य सुरांच्या नावांत सांगायचं तर ई, ई, बी, बी, बी, बी. ई ला षड्ज धरा, तर बी हा पंचम. म्हणजे अख्ख्या गिटारवर फक्त सा आणि प! तानपुरा झाला की हा. कुठलीही तार छेडा, सा नाहीतर प, आणि त्यावर एक-दोन बोटं सरकवून चाल काढायची, बाकीच्या तारा आपोआप भरून राहतात. म्हणून तर ‘द डे आय ट्राईड टू लिव्ह’च्या सुरुवातीला ती गिटार लागते तेव्हा सूर एका ठिकाणी उभा आहे आणि त्याच्याभोवती काहीतरी फिरतंय असं वाटतं. पाश्चात्त्य रॉकमध्ये सहसा कॉर्ड बदलत बदलत गाणं पुढे ढकलतात, इथे आधार हलत नाही आणि तणाव सगळा त्या न हलणाऱ्या सुरावर उभा. हेडफोन लावून फक्त गिटारकडे लक्ष देऊन ऐका एकदा, आणि जमलं तर मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप ई मध्ये लावून त्यावर गुणगुणून बघा, मी काय म्हणतोय ते लगेच कळेल.

आता इथे किम थायिलबद्दल बोलायलाच हवं कारण आपल्याकडे अजूनही कित्येक रॉक ऐकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं की साउंडगार्डनचा गिटारिस्ट मल्याळी घरातला आहे. आईवडील केरळातून अमेरिकेत गेलेले, हा जन्मला सिएटलमध्ये, वाढला शिकागोजवळ पार्क फॉरेस्टला, मग परत सिएटलला येऊन युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये फिलॉसॉफी शिकला. नाक्यावर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमची छाती अशी फुगली होती की विचारू नका, कारण एमटीव्हीवर दिसणाऱ्या त्या सगळ्या गर्दीत एक दाढीवाला आपल्यासारखा दिसणारा माणूस, आणि तो कोपऱ्यात उभा नाही, त्याच्याच गिटारवर सगळं उभं. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि राहणार. पण म्हणून ते तानपुऱ्यासारखं ट्युनिंग त्याच्या रक्तातून आलं वगैरे मी म्हणणार नाही, ‘द डे आय ट्राईड टू लिव्ह’ पूर्ण कॉर्नेलच्या नावावर आहे. अशा वाटा वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळीकडून सापडतात. थायिलचं खरं काम ऐकायचं असेल तर ‘लाइक सुसाइड’चा शेवट ऐका. सात मिनिटांचं गाणं, अर्ध्याच्या वर ते हळूहळू चढत जातं आणि मग तो सोलो सुटतो तेव्हा एकेक सूर असा ओढलेला, वाकवलेला, की नीट स्वरात बसवायची त्याला गरजच वाटत नाही आणि तरी एकही सूर वाया नाही.

गाण्यांकडे वळतो. सगळ्यांवर लिहीत नाही, ज्यांच्यावर बोलण्यासारखं आहे त्यांच्यावरच.

‘लेट मी ड्राऊन’ने अल्बम उघडतो, बरं आहे, दार ढकलण्यापुरतं. खरी सुरुवात माझ्यासाठी तिसऱ्या गाण्याला होते, ‘फेल ऑन ब्लॅक डेज’. या गाण्यात काहीही घडत नाही हे त्याचं मोठेपण. कोणी सोडून गेलं नाही, कोणी मेलं नाही, नोकरी गेली नाही. सगळं ठीक चाललेलं असताना एक दिवस माणसाला कळतं की आपण आतून ठीक नाही आणि कधीपासून नाही तेही आठवत नाही. कॉर्नेलने याबद्दल बोलताना सांगितलं होतं की ही भीती त्याच्या मनात कित्येक वर्षं होती. विशीत हे गाणं आम्ही ‘सॅड साँग’ म्हणून ऐकायचो, प्रेमभंगाच्या यादीत टाकायचो. आता चाळिशी कधीच ओलांडली, सोबतच्या मित्रांपैकी कोणी अचानक फोन उचलेनासा होतो, भेटला तर “काही नाही रे, मजेत” म्हणतो आणि त्या “काही नाही”चा अर्थ काय हे गाणं पुरतं सांगून जातं. आणि हे सहा मात्रांत आहे पण दादऱ्याचा झोका त्यात शोधू नका. पाऊल टाकायचं, थांबायचं, परत टाकायचं, अशी ती चाल. बेस आणि ड्रम इतके संयमाने वाजवलेत की गाणं कधीच रडत नाही.

‘मेलमन’वर कोणी बोलत नाही, मला ते फार आवडतं. संथ, चिखलातून चालल्यासारखं, धुमसणारं. संगीत ड्रमर कॅमरनचं, तेही ऐकू येतं. कॅमरन पुढे १९९८ पासून पर्ल जॅममध्ये गेला आणि तिथेही वर्षानुवर्षं उत्तम वाजवत राहिला, पण माझ्या मते त्याचं आयुष्यभराचं काम या एका अल्बमवर आहे. तो ड्रम बडवत नाही. सात असो पंधरा असो, तो तुम्हाला मोजायला लावत नाही आणि हे किती कठीण आहे ते कुठल्याही तबलजीला विचारा.

बेसिस्ट बेन शेपर्डची दोन गाणी आहेत, ‘हेड डाऊन’ आणि ‘हाफ’. ‘हाफ’ तर गायलंयही त्यानेच, दोन-सव्वादोन मिनिटांचं विचित्र काहीतरी, व्हायोला आणि चेलो आहेत त्यात, पूर्वेकडची हवा आहे, आणि ग्रंजच्या चाहत्यांना ते नेहमी खटकत आलंय. मला नाही खटकत. तेराव्या गाण्यानंतर ते यायलाच पाहिजे कारण तेरावं आहे ‘फोर्थ ऑफ जुलाय’, अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात जड, सगळ्यात अंधारं, गिटार इतक्या खाली उतरवलेली की तारा ढिल्या पडून घरघरतात आणि कॉर्नेल दोन आवाजांत, एक वर एक खाली, जवळजवळ स्तोत्र म्हटल्यासारखा. ते संपल्यावर कानाला काहीतरी वेगळं हवंच असतं. ‘हेड डाऊन’ सहा मिनिटांचं आहे, त्याचा शेवटचा भाग नुसता ड्रम आणि गिटारच्या झिणझिण्यांवर चालतो, तिथे घाई करू नका.

‘ब्लॅक होल सन’. काय बोलायचं, इतकं ऐकलंय सगळ्यांनी. लग्नाच्या हॉलपासून कॅफेपर्यंत पियानोवर, सॅक्सोफोनवर, झोपेच्या गाण्याच्या चालीवर, कुठे कुठे ऐकलं. पण मूळ रेकॉर्डवर परत जा. गिटारचा तो हलणारा, पाण्याखालून आल्यासारखा आवाज लेस्ली स्पीकरचा आहे, फिरणारा स्पीकर, मुळात ऑर्गनसाठी वापरला जायचा. त्या एका निवडीने गाणं बदललंय, नाहीतर कोरस इतका गोड आहे की सपक व्हायला वेळ लागला नसता. आणि सोलोच्या तिथे ऐका कसा सगळा गोडवा फोडून काढतात. सव्वापाच मिनिटांत एक अख्खं गोंडस गाणं बांधायचं आणि मोडायचं, हे एका हिट गाण्यात करून दाखवायला धैर्य लागतं.

‘किकस्टँड’ दीड मिनिटाचं आहे, नसतं तरी चाललं असतं. ‘फ्रेश टेंड्रिल्स’ ठीक, त्यातला क्लॅव्हिनेट या कीबोर्डचा ठेका मजेचा आहे. शीर्षकगीत ‘सुपरअननोन’ जोरदार आहे पण मागेपुढे जी गाणी आहेत त्यांच्यात ते थोडं सरळसोट वाटतं. खरं सांगायचं तर अकरा-बारा नंबरला अल्बम जरा सैल पडतो आणि सत्तर मिनिटं हे जास्त आहे. तो काळ सीडीचा होता, जागा आहे तर भरा अशी सगळ्यांची वृत्ती, त्याचा फटका याला थोडा बसलाय. साठ मिनिटांचा असता तर मी एक शब्द वाईट लिहिला नसता.

‘लाइक सुसाइड’चं नाव वाचून बऱ्याच जणांना, विशेषतः २०१७ नंतर, ते लावायला जड जातं. मला समजतं. १८ मे २०१७ ला डेट्रॉइटमध्ये शो करून आल्यावर कॉर्नेल गेला, बावन्न वर्षांचा होता. बातमी सकाळी फोनवर आली आणि जुन्या ग्रुपवर दिवसभर कोणी धड काही लिहिलं नाही, नुसत्या गाण्यांच्या लिंका. त्यानंतर मी हा अल्बम फार काळ लावला नव्हता. पण ते गाणं ज्यातून आलं ती गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घराच्या काचेवर एक पक्षी येऊन आदळला, मान मोडली, तडफडत होता, आणि कॉर्नेलने त्याचे हाल थांबवले. त्यावरचं गाणं आहे. आता त्याच्या मरणाच्या उजेडात प्रत्येक ओळ वाचायची आणि बघा त्याने आधीच लिहून ठेवलं होतं म्हणायचं, हे मला पटत नाही, त्या माणसावर आणि त्या कामावर तो अन्याय आहे. ज्याने हे लिहिलं तो तेव्हा तिशीच्या आत होता, जिवंत होता, मित्रांबरोबर स्टुडिओत बसून सुरांचं वजन ठरवत होता. या अल्बममध्ये मला तो माणूस ऐकू येतो.

आता घ्यायचा कुठला आणि ऐकायचा कसा. २०१४ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून नवीन आवृत्त्या आल्या, एक दोन सीडींची आणि एक पाच डिस्कची मोठी पेटी ज्यात डेमो म्हणजे गाण्यांची आधीची कच्ची रेकॉर्डिंग, रिहर्सल आणि सराउंडचं मिक्सही आहे. स्ट्रीमिंगवर अशी वाढीव, डिलक्स आवृत्ती लावली तर एक अडचण होते, पंधरावं गाणं संपलं की लगेच जादाचं काहीतरी सुरू होतं आणि ‘लाइक सुसाइड’नंतर जी शांतता हवी ती मिळत नाही. पहिल्यांदा ऐकणार असाल तर पंधरावर बंद करा. डेमो नंतर, सावकाश. त्यात ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ची आधीची रूपं आहेत ती मात्र ऐकाच, ते गाणं किती वेळा मोडून परत उभं केलंय ते समजतं.

लोकलमध्ये ऐकून बघितला. दादर ते चर्चगेट फास्ट, चांगले कानात बसणारे इअरफोन, तरीही ‘फोर्थ ऑफ जुलाय’ आणि ‘मेलमन’चा खालचा सगळा भाग गाडीच्या खडखडाटात गेला, उरली ती नुसती वरची गिटार आणि आवाज. ‘स्पूनमॅन’ मात्र लोकलमध्ये मस्त जातं. छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर अजिबात नको, तो खर्ज झेपत नाही त्याला आणि सगळं एकसारखं घुसमटलेलं येतं. दोन स्पीकरची साधी जोडी असेल घरात तर त्यावर, दुपारच्या वेळी जेव्हा शेजारी कामावर गेलेले असतात तेव्हा, मध्यमपेक्षा थोडा वर आवाज ठेवून. एवढं पुरतं. व्हिनाइल डबल एलपी आहे, माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या ठिकाणी रेकॉर्ड बघायला जात असाल तर नजर ठेवा. चार बाजूंत तुटल्यामुळे मघाशी म्हटलेला तो लांबीचा त्रास बराच कमी होतो, उठून बाजू पालटायची, पाणी प्यायचं, परत बसायचं. मोठं मुखपृष्ठ हाही एक फायदा. वर चौघांचा वितळल्यासारखा फोटो आणि खाली उलटं टांगलेलं जळतं जंगल, कॅसेटच्या इनलेवर ते जंगल आहे हेच कधी धड दिसलं नव्हतं.

आणि हो, २०२५ मध्ये साउंडगार्डनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. उशिरा का होईना, चांगलं झालं. त्या निमित्ताने ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलं असेल अशा पंचवीस-तिशीतल्या मंडळींना माझं सांगणं, ‘ब्लॅक होल सन’पासून सुरू करू नका, ते तुम्हाला माहीतच असेल. ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ लावा, मग ‘द डे आय ट्राईड टू लिव्ह’, मग ‘लिमो रेक’, आणि ज्यांना तबल्याचं थोडंफार शिक्षण आहे त्यांनी ‘लिमो रेक’ला हातावर पंधरा मोजून समेवर यायचा प्रयत्न करा. काकांना अजून ते ऐकवायचंय, पुढच्या रविवारी बोलावलंय.